ब्रेकसर विमान शिकायला निघाले

ब्रेकसरांना गाडी शिकवता यायची. चालवता यायची की नाही, ते देवालाच ठाऊक. लायसन्स होतं, त्यावर मिशीसकट फोटो होता. पण ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून त्यांचा हात स्टिअरिंगला लागलेला कुणी पाहिला नव्हता. शिकणारा उजवीकडे, सर डावीकडे, आणि सरांच्या पायाशी मास्तरांसाठी बसवलेला जादा ब्रेक. भाजी आणायची असो की दाढ काढायची असो, शिकाऊ माणूस गाडी चालवणार आणि सर ब्रेक मारणार. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा गाडीवर एक शिकाऊ शिंपी होता. चौकाचौकात गाडी बंद पडत होती आणि सर मागे वळून कण्हणाऱ्या बायकोला समजावत होते, "घाबरू नकोस, क्लच जरा लवकर सोडतोय, एवढंच." मुलगी दवाखान्याच्या फाटकातच झाली.

अशा माणसानं चाळिशी ओलांडल्यावर चहाच्या कपावर जाहीर केलं, "मी पायलट होणार. प्रवासी विमानाचा."

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नजर तपासायची तिला सवयच, तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. "अहो, आधी एकदा गाडी तरी चालवा की!"

"गाडीसमोर माणसं येतात. वर कोण येतंय?"

पण मग सर खाली मान घालून म्हणाले, "सगळा जन्म दुसऱ्याला 'हळू, हळू' म्हणण्यात गेला गं. एकदा तरी आपल्या हातात असावं असं वाटतं." आवाज असा निघाला की तिनं चेष्टा आवरली आणि कपात आणखी चहा ओतला.

वेळ वाया घालवणाऱ्या शिकाऊंचा सरांना भयंकर राग. त्यामुळे पायलट व्हायचं तर सगळ्यात जवळच्या वाटेनं. वर्गातल्या फळ्यावर, 'हॉर्न वाजवू नका'च्या चित्राखाली, त्यांनी खडूनं वाट आखायला घेतली. आधी डॉक्टर, मग फी. नाहीतर पैसे भरायचे आणि नंतर कळायचं की लाल-हिरवं ओळखता येत नाही. बायकोनं दुकानात अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, तर त्यांनी तळाशी असलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. मग लेखी परीक्षा. मग रोज उड्डाण, खंड नाही, कारण आठवडाभर सुट्टी घेतलेला माणूस गिअर विसरतो. मग खाजगी लायसन्स, मग ढगांत बाहेरचं न बघता नुसत्या तबकड्यांच्या काट्यांवर चालवायचं शिक्षण, मग व्यावसायिक लायसन्स. तयारी घरीही चालू होती. पायलट उड्डाणाआधी एकेक गोष्ट तपासतात तसं बाहेर पडताना ते बायकोला विचारत, "गॅस?" तिनं म्हणायचं, "बंद." "खिडकी?" "बंद." "सासूबाई?" "झोपल्यात." मग कुलूप लागायचं.

व्यावसायिक लायसन्सपाशी मात्र खडू अडला. त्यापुढे विमान कंपनीला उड्डाणाचे हजारभर तास हवेत. ते स्वस्तात आणि पटकन कसे जमवायचे? ज्याला विचारावं तो एकच सांगे: मास्तर व्हा, दुसऱ्यांना शिकवा. म्हणजे पुन्हा शिकाऊच्या शेजारी! बरं, तेही केलं, कंपनीत लागलो, तर तिथे नवख्याला कॅप्टनच्या शेजारी दुय्यम म्हणून बसवतात. सरांनी फळा पुसून पुन्हा आखला, पुन्हा पुसला. बायको डबा द्यायला आली होती, ती फळा बघून म्हणाली, "फिरून फिरून भोपळे चौकात! शेजारच्या सीटवरून सुटायचं म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर बसणार?"

सरांचं तोंड एवढंसं झालं. तरी दुसऱ्या दिवशी ते विमान शिकवणाऱ्या क्लबात गेलेच. तिथली फ्लाइंग मास्तरीण त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं सगळा बेत शांतपणे ऐकून घेतला.

"सर, वाट बरोबर आखलीत. पण प्रवेश मी आजची फेरी बघून देणार. तुम्ही हातात घेता की नाही ते मला बघायचंय. तुमच्याकडे शिकताना मला ब्रेक मारायची वेळच आली नाही. सगळे तुम्हीच मारलेत. परीक्षेत समोर भिंत आली तेव्हा मी ब्रेक शोधत होते."

"भिंत कशी आहे?" सरांनी काळजीनं विचारलं.

"नवी बांधली."

आता घोटाळा असा, की विमानात शिकणारा बसतो डावीकडे आणि मास्तर उजवीकडे. सर डावीकडे बसले आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. डावी बाजू, शेजारी चालवणारी मुलगी, पायाशी ब्रेक! विमान जरा सरकलं की सर म्हणत, "हळू, बाळा," आणि दोन्ही पाय दाबत. धावपट्टी गाठेपर्यंत विमानानं म्हशीसारखी चारदा बैठक मारली. शेवटी तिनं दटावलं, "सर, पाय खाली जमिनीला!" आणि विमान उचललं.

वर गेल्यावर ती म्हणाली, "कंट्रोल तुमच्याकडे."

"छान चालवतेस," सर म्हणाले. हात मांडीवर.

तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. सरांनी त्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग समोरच्या हँडलकडे पाहिलं. ते आपलं आपणच हलत होतं.

"अगं, चालवतंय कोण?"

"कुणीच नाही, सर."

सरांचे पाय ब्रेक शोधू लागले. इथे ब्रेक मारून काय थांबणार होतं? मग त्यांनी हँडल धरलं, बुडणारा माणूस फळी धरतो तसं. विमान एकीकडे कललं, दुसरीकडे कललं आणि सरळ झालं. हळूहळू सरांची बोटं सैल झाली. आता कुणालाही 'हळू' म्हणायचं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"आता डावीकडे वळायचं, सर."

सर सरळच निघाले.

"सर, वळा. डोंगर जवळ येतोय."

सरांना ऐकू येत होतं, पण हात ऐकत नव्हते. मास्तरणीचा हात तिच्या हँडलवर गेला. सर तिच्या जागी असते तर त्यांनी केव्हाच ब्रेक मारला असता. उभ्या जन्मात त्यांनी कुणासाठी एवढं थांबून पाहिलं नव्हतं. तिनं हँडल नुसतं धरलं, फिरवलं नाही, आणि डोंगरातली झाडं वेगवेगळी दिसू लागेपर्यंत ती वाट बघत राहिली. मग सरांनी स्वतःच्या हातांनी विमान डावीकडे वळवलं आणि तिनं हँडल सोडलं, "सर, प्रवेश पक्का."