आभाराच्या ओळीतला माणूस

फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणाला होतो. मोबाईल आत न्यायचा नसतो, म्हणून तो बाहेर शिपायाच्या टेबलावर ठेवलेला. तोच दारातून हात करून बोलवायला लागला. पलीकडून सुमनवहिनी होत्या, माझ्या सहकाऱ्याची, रावसाहेबाची बायको... "भाऊजी, ह्ये गेले." बास, एवढंच. परीक्षेच्या दिवसांत तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला काम नसतं, म्हणून रावसाहेब पाथर्डीला घरी गेला होता. सकाळी अंगणात दाढी करायला बसला आणि तिथंच कलंडला. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो त्यानं. मी तसाच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, मला लगेच निघायचंय. त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "पेपर सुटल्यावर निघा ना. तसेही ते आपल्या मस्टरवर कुठे होते?" दोन महिने होत आले, पण ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. मी गाडी काढली आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात शोकसभा झाली. दोन मिनिटं उभं राहिलो. मग विभागप्रमुखांनी भाषण केलं, की "आपल्या संगणक विभागाचे तांत्रिक सहायक श्री. सानप..." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सहायक? कुणाचा सहायक? नऊ वर्षं रावसाहेब सानप संगमनेरला आमच्या कॉलेजात तर्कशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग शिकवत होता. ज्या एका संशोधनामुळे आमच्या विभागाचं नाव बाहेर चार लोकांना कळलं, ते त्याच्या डोक्यातून निघालं होतं. हे त्या सभागृहात दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. एक भाषण करत होता आणि दुसरा, म्हणजे मी, पहिल्या रांगेत मूग गिळून बसला होता.

आम्ही नेमकं काय करत होतो ते सोप्या शब्दांत सांगतो. आजकाल सॉफ्टवेअर कुणी सगळंच्या सगळं नव्यानं लिहीत नाही. नागापूरला एमआयडीसीत जसं एका शेडमध्ये बनलेला पार्ट दुसऱ्या शेडमधल्या मशीनला बसवतात, तसे तयार भाग आणून जोडतात. पण हे दोन भाग एकमेकांशी जमतील का, हे बहुतेकदा चालवून बघितल्यावरच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. आमची कल्पना अशी, की प्रत्येक भागानं आधी लिहून द्यायचं : मला काय लागतं आणि मी कशाची हमी देतो. ते तर्कशास्त्राच्या भाषेत लिहायचं, म्हणजे जोडण्याआधीच संगणक स्वतः विचार करून सांगेल की ही जोडणी टिकेल की फसेल.

रावसाहेबाची काम करायची तऱ्हाच निराळी. नियम कागदावर लिहून त्याचं समाधान व्हायचं नाही. तो उभा राहायचा, मलाही उभं करायचा, आणि आम्ही दोघं ते भाग व्हायचो. हो, नाटक! रिकाम्या लॅबमध्ये दोन थोराड माणसं समोरासमोर. आम्ही तेव्हा एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर तपासत होतो. तो म्हणायचा, "सर, मी काटा. घ्या, धा." मी म्हणायचो, घेतले, दहा. लगेच तो कमरेवर हात ठेवून, "आसं कसं घेतलं? धा काय? किलो का लिटर? इचारलं का तुमी?" मी कपाळाला हात लावायचो. कारण केंद्रावर अगदी हेच चाललं होतं. काटा किलो सांगत होता, पुढचा भाग ते लिटर समजून घेत होता. आकड्याला आकडा जुळतोय म्हटल्यावर संगणक कशाला तक्रार करेल? आणि पावतीवर रोज चुकीचं माप. पोरं खिडकीतून बघून हसायची. हसू देत. त्या नाटकातून आम्हाला जितक्या चुका सापडल्या, तितक्या मला सगळी पुस्तकं उलथीपालथी करून सापडल्या नसत्या.

मधलं एक वर्ष मी पीएच.डी.साठी पुण्याला होतो. मला वाटलं काम बंद पडणार. परत येऊन बघतो तर या गड्यानं एकट्यानं सगळ्यात अवघड भाग उभा केलेला. तोवर आमची प्रणाली नुसतं "जमत नाही" म्हणून मोकळी व्हायची. त्यानं तिला कारण सांगायला शिकवलं : कुणाची कुठली मागणी, कुणाच्या कुठल्या हमीनं पुरी झाली नाही, अगदी पायरी पायरीनं. मी विचारलं, हे सुचलं कसं? तर म्हणाला, "न्हाई म्हनायचं तर का न्हाई ते सांगावं की सर. आमाला आयुष्यभर नुसतंच न्हाई म्हनलेत." असं म्हणून हसला आणि चहा प्यायला चला म्हणाला. मी तेव्हा त्याच्याबरोबर हसलो, याची आज मला लाज वाटते.

मग निबंध लिहिला. परदेशातल्या चांगल्या नियतकालिकानं घेतला. आता लेखकांची नावं द्यायची वेळ आली, तर विभागप्रमुख म्हणाले, तासिकावाल्याचं नाव टाकलं तर मूल्यांकनात निबंध धरणार नाहीत, कर्मचारी क्रमांक लागतो. त्याच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. त्यांनी त्या कामातली एक ओळ वाचली असेल तर मी मिशा काढून देईन! पण मी काय केलं? माझ्यासमोर फॉर्म आला. त्यावर छापलेलं होतं, की वरील लेखकांखेरीज या कामात लेखक म्हणून कुणाचाही वाटा नाही. त्याखाली मी सही केली. माझी पदोन्नती अडकली होती, हे खरं कारण. दुसरं कुठलंही कारण सांगितलं तर ते खोटं असेल. वर्षानुवर्षं आम्ही सॉफ्टवेअरच्या भागांनी दिलेल्या खोट्या हम्या पकडत बसलो, आणि त्या कामावरच्या पहिल्याच कागदावर मी खोटी हमी लिहून दिली.

निबंध छापून आला तो रावसाहेबानं माझ्याच टेबलावर वाचला. शेवटी आभारात त्याचं नाव होतं, तांत्रिक साहाय्याबद्दल. ती ओळ बोटानं दाखवून म्हणाला, "सर, माझं इंग्रजी कच्चं हाय. ह्ये असिस्टन्स म्हंजी चहा आनून द्यायचं काम का?" मी म्हणालो, अरे रावसाहेब, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी! भांडला असता, कानाखाली आवाज काढला असता तरी चाललं असतं. त्यानं निबंधातली एक चूक दाखवली, तिसऱ्या नियमात एक अट राहून गेली होती, आणि तासावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा लॅबमध्ये हजर. मला वाटलं, विसरला असेल. आपल्याला सोयीचं असलं की असं वाटतंच.

शोकसभेहून घरी आलो तो सरळ त्या नियतकालिकाला पत्र लिहायला बसलो : लेखकांच्या यादीत चूक आहे, मुख्य लेखकाचं नाव राहिलंय, आणि सही करणारा मी आहे. त्यांचं उत्तर सभ्य होतं. कुणी काय काम केलं याचे पुरावे द्या आणि छापलेल्या सगळ्या लेखकांची संमती आणा. मी विभागप्रमुखांकडे कागद घेऊन गेलो. ते म्हणाले, "गेलेल्या माणसाला आता काय प्रमोशन द्यायचंय? तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." अहो, पण प्रश्न प्रमोशनचा नाहीच! एका माणसानं आयुष्यात जे एक मोठं काम केलं, ते त्यानं केलं असं कुठंतरी लिहिलेलं असावं की नाही? त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, बघतो.

पुरावे म्हणजे मूळ फायली, आणि त्या रावसाहेबाच्या लॅपटॉपवर. म्हणून मागच्या रविवारी पाथर्डीला गेलो. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला, अर्धं गाव कारखान्यांकडं गेलेलं. रावसाहेबाचे आईवडीलही आयुष्यभर तोडीलाच जायचे, आणि दरवर्षी शाळा अर्धवट सोडून तो त्यांच्यामागे. सुमनवहिनींनी लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि शेजारी बसून राहिल्या. मी एकेक फाईल उघडायला लागलो. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर ती लिहिणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत असते. पहिलीवर दोन नावं : आधी माझं, मग त्याचं. दुसरीवर तेच. तिसरीवर तेच. मी पुण्याला होतो त्या वर्षाच्या, कारण सांगणाऱ्या भागाच्या फायली, ज्यांतलं एक अक्षरही माझं नाही... तिथंही आधी माझं नाव, मग त्याचं. मी मोठ्यानं ओरडलो, "अरे रावसाहेब, गाढवा, काय करून ठेवलंस हे!" त्याच्या बाजूनं द्यायचा एकमेव पुरावा, आणि तोही माझ्याच नावानं बोलत होता.

वहिनी दचकल्या. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, फॉर्मवरच्या सहीसकट. वाटलं, आता घराबाहेर काढतील. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून कुठलं नाव कुणाचं ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तोडीला कोयता धरत्यात, भाऊजी. कोयता म्हंजी दोन मानसं. कुनी किती तोडलं, कुनी किती मोळ्या बांधल्या, ते मुकादम इचारीत न्हाई. त्यांना तीच सवय."

मी म्हणालो, वहिनी, मी त्या वर्षाच्या प्रत्येक फाईलसमोर लेखी देणार आहे की हे मी लिहिलेलं नाही. माझं नाव काढा, त्याचं एकट्याचं ठेवा, असं नियतकालिकाला कळवतो. हा लेखही त्याचसाठी छापायला देतोय, म्हणजे उद्या मला शेपूट घालता येणार नाही.

त्यांनी मान हलवली. "एकट्याचं नगं. एकट्या मानसाला अर्धा कोयता म्हंत्यात. तुमचं बी ऱ्हाऊ द्या... पर खाली."

तिथंच बसून तसं पत्र लिहिलं. आधी रावसाहेब सानप, खाली मी, आणि कुठली फाईल खरोखर कुणाची त्याची यादी. सोमवारी ते विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवलंय. त्यांच्या सहीची जागा अजून कोरी आहे.