पंच्याऐंशीवा चेंडू

आन्सेल्मोला त्या सकाळी पार्कात जायचंच नव्हतं. गुडघा ठणकत होता, पहाटेपासून वीज नव्हती, दीड तास रांगेत उभं राहून हातात पडलेला रेशनचा पाव मुठीत मावेल एवढा होता, आणि त्यात भर म्हणजे काल दुपारी आपला संघ हरला होता. पण क्युबातल्या सान ऑनोफ्रे गावच्या पार्कातला 'गरम कोपरा', म्हणजे बेसबॉलवर रोज वाद घालायचा अड्डा, त्याच्यावाचून सुरू होत नसे. गेली सव्वीस वर्षं कोणी केव्हा बोलायचं हे तोच ठरवत आला होता. आज गेलो नाही तर लोक म्हणणार, भावापायी तोंड लपवून बसला. म्हणून काखेत वही मारून तो निघाला.

"आज सांगणार आहेस ना?" सोराइदानं दारातून विचारलं. ती त्याची बायको, आणि तिला सगळं माहीत होतं.

"बघू."

"बघू काय? शब्द दिलायस तू भावाला."

तो चालू लागला. बायकोला बरोबर उत्तर ठाऊक असलं की बोलण्यात अर्थ नसतो, हे तो लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिकला होता.

हा आन्सेल्मो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माणूस. एकतीस वर्षं उसाच्या गाड्या मोजल्या. गाडी काट्यावर चढवल्याशिवाय त्यानं कधी आकडा लिहिला नाही. एकदा खुद्द कारखान्याचा साहेब म्हणाला, लिही अंदाजानं, घाई आहे. तर यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि शांतपणे सिगार पेटवली. मग कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, काट्याच्या खड्ड्यात पाणी साचून बेडूक झाले. मोजायची सवय मात्र गेली नाही. तो रेडिओपुढे बसून बेसबॉल मोजायला लागला. प्रांताच्या संघाच्या प्रत्येक पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, प्रत्येक चेंडू त्याच्या वहीत होता. स्वतःच्या कानांनी ऐकलेला सामना शाईनं. वीज जाऊन रेडिओ बंद पडला तर दुसऱ्या दिवशी पार्कात विचारून, पेन्सिलीनं. ही त्याची शिस्त, आणि तिचा त्याला अभिमान होता.

त्या संघाचा मॅनेजर, म्हणजे कुणाला उतरवायचं नि कुणाला काढायचं ते ठरवणारा निवाल्दो, हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. आठ वर्षांनी लहान. पेरूच्या फांदीची बॅट करून त्याला खेळायला आन्सेल्मोनंच शिकवलं. पण गरम कोपऱ्यात कुणाला नातेवाईक नसतात. नियम आन्सेल्मोनंच घालून दिलेला. फार वर्षांपूर्वी एका खेळाडूचा बाप पोराची बाजू घ्यायला उठला, तेव्हा यानं त्याला चारचौघांत हाताला धरून खाली बसवलं होतं. त्यामुळे गेले सहा हंगाम लोक निवाल्दोला गाढव म्हणत, आंधळा म्हणत, आणि थोरला भाऊ म्हणे, "झालं तुझं? आता पुढचा." हे सोपं नव्हतं. पण सवयीनं माणूस काहीही गिळतो.

अंतिम मालिका सात सामन्यांची. पाच झाले होते, तीन आपण जिंकले होते. काल सहावा जिंकला की अख्ख्या क्युबात आपण पहिले. आणि काल सकाळी अकरा वाजता घरचा फोन वाजला होता.

"दादा," निवाल्दो म्हणाला. हंगाम चालू असताना तो कधीच फोन करत नसे. "झोप नाही लागली. योएल्विसला आज किती वेळ ठेवू रे? तुझी वही काय म्हणते?"

आन्सेल्मो खुर्चीत सरळ बसला. आयुष्यभर मॅनेजर लोकांचे निर्णय चघळले, पण कुठल्या मॅनेजरनं त्याला आधी विचारलं नव्हतं. त्यानं वही उघडली, बोट फिरवलं. संघाचा तरुण पिचर योएल्विस, त्याचे नऊ सामने. सातांत पंच्याऐंशी चेंडूंनंतर हात गळालेला.

"पंच्याऐंशी," तो म्हणाला. "एक चेंडू जास्त नाही."

"आणि तो चांगला टाकत असला तर? लोक फाडून खातील मला."

"लोकांचं मी बघतो. तू काढ त्याला."

सोराइदा बाजूलाच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं होतं.

मग जे झालं ते सगळ्या गावानं रेडिओवर ऐकलं. नवांपैकी आठवी इनिंग, आपण तीन, ते एक. त्यांचा एक गडी बाद, एक माणूस बेसवर. योएल्विस घोड्यासारखा ताजा. आणि त्यानं पंच्याऐंशीवा चेंडू टाकला तसा निवाल्दो मैदानात चालत आला आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. त्याच्या जागी टाकायला म्हातारा सिक्स्तो आला. त्यानं चार चेंडू वाईट टाकून एकाला फुकट बेसवर जाऊ दिलं आणि पुढच्यानं त्याचा चेंडू थेट भिंतीपलीकडे मारला, तिघंही धावून आले. आपण तीन, ते चार. मालिका बरोबरीत, आणि आज दुपारी दोनला सातवा, शेवटचा सामना.

गरम कोपऱ्यात तिसेक माणसं आधीच जमली होती. पंक्चर काढणारा एवेलिओ बाकावर उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज नेहमीच अर्ध्या गावाला पुरे.

"काढतोच कसा? सांगा ना, काढतोच कसा! पोराचा हात लोखंडाचा आहे. नव्वद, शंभर, एकशेदहा, टाकतच राहतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, फक्त आपल्या मॅनेजरला नाही!"

"त्याला काय ठाऊक आहे ते तरी सांग," शेंगदाण्याच्या पुड्या विकणारा कुन्दो म्हणाला. लोक हसले.

"कॅचर होता ना तो, पिचरचे चेंडू झेलणारा," दातांची डॉक्टरीण मिग्दालिया म्हणाली. कोपऱ्यातली ती एकटी बाई, आणि सगळ्यांत थंड डोक्याची. "कॅचरला पिचरचा हात कळतो. काहीतरी पाहिलं असेल त्यानं."

"काय पाहिलं? ढग पाहिले असतील!"

आन्सेल्मो आपल्या जागी बसला. कुणी आवाज खाली केला नाही. नियम होता तो. एवेलिओनं त्याच्याकडे पाहून टोपी उचलली आणि निवाल्दोच्या अकलेचा उद्धार पुढे चालू ठेवला.

'लोखंडाचा हात' हे शब्द मात्र आन्सेल्मोला कुठंतरी खुपले. या एवेलिओनं याच पोराबद्दल याआधी काहीतरी वेगळंच म्हटलं होतं. त्यानं वही मांडीवर उघडली आणि योएल्विसची पानं शोधली. काल फोनवर बोलताना त्यानं नुसते आकडे पाहिले होते. आज सकाळच्या उन्हात त्याला अक्षर दिसलं. नऊ सामन्यांपैकी चारच शाईत होते. पाच पेन्सिलीत. मे महिन्यात वीज संध्याकाळ संध्याकाळ नसायची. आणि पेन्सिलीतल्या पाचही ओळींपुढे त्याच्याच हस्ताक्षरात होतं: 'एवेलिओ सांगतो, पंच्याऐंशीनंतर हात गळाला.' 'एवेलिओ आणि कुन्दो सांगतात, पार संपला.' शाईतल्या चारांपैकी दोनदा तो दमला होता, दोनदा नव्हता. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

 एकतीस वर्षांत त्यानं न पाहिलेली गाडी कधी मोजली नव्हती. आणि भावानं पहिल्यांदा, एकदाच काही विचारलं, तेव्हा त्यानं त्याला पार्कातली बडबड मोजून दिली होती.

"एवेलिओ," तो म्हणाला, "मे महिन्यात तू काय म्हणाला होतास? पंच्याऐंशीनंतर हात गळतो म्हणून."

"मी?"

"तू. पाच वेळा. लिहिलंय इथं."

एवेलिओ बाकावरून उतरला, वहीत डोकावला आणि जोरात हसला. "म्हणालो असेन रे! त्या दिवशी हरलो होतो, डोकं फिरलं होतं. बोलायला काय जातंय? मी काय मॅनेजर आहे?"

सगळे हसले. आन्सेल्मोला हसू आलं नाही. तो उभा राहिला. गुडघा कळवळला.

"निवाल्दोला ते मी सांगितलं," तो म्हणाला. "काल सकाळी त्यानं फोन केला. पंच्याऐंशीला काढ, असं मी सांगितलं. त्याला शिव्या देऊ नका. मला द्या."

  कुन्दोच्या हातातली पुडी तशीच राहिली.

"तू?" मिग्दालियानं विचारलं. "खरंच?"

"खरंच."

तेवढ्यात कुन्दोला काहीतरी आठवलं. "थांबा, थांबा. सकाळच्या बातम्यांत त्याची मुलाखत होती, मी रेकॉर्ड करून ठेवलीय." त्यानं खिशातून फोन काढला. खरखर झाली, आणि मग निवाल्दोचा आवाज आला, घोगरा, रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. बातमीदार विचारत होता, असा निर्णय घेण्याआधी कुणाचा सल्ला घेतला होता का? "नाही," निवाल्दो म्हणाला. "कुणाचाही नाही. मी ठरवलं, मी चुकलो. दुसऱ्या कुणाचं नाव यात आणू नका."

कुन्दोनं फोन बंद केला.

"बघा," एवेलिओ म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बघा लेकहो. भावाचं ओझं उचलायला खोटं बोलतोय म्हातारा." त्यानं आन्सेल्मोच्या खांद्यावर हात टाकला. "नियम मोडलास, पण मी तुला खाली बस म्हणणार नाही. भाऊ असावा तर असा."

"अगदी," कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी पाठ थोपटली. कुन्दोनं शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातात कोंबली. मिग्दालियाचे डोळे ओले झाले, आणि तिला याआधी रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

"मी खोटं बोलत नाहीये," आन्सेल्मो म्हणाला, पण पुरेसं मोठ्यानं नाही.

"हो, हो, आम्हाला कळलं," एवेलिओ म्हणाला.

काल निवाल्दोच्या फोनच्या वेळी सोराइदा शेजारी होती. घर पार्कापासून चार दारं पलीकडे. नुसती हाक मारली असती तरी ती हात पुसत आली असती आणि दोन वाक्यांत सगळ्यांना गप्प केलं असतं. हाक ओठांवर आली होती. पण काय सांगावं, फार थकवा आला होता. कालपासून तो या एका वाक्यापर्यंत कसाबसा पोचला होता, आणि आता तेच पुन्हा, अधिक मोठ्यानं, साक्षीदार आणून सांगायचं. शिवाय खांद्यावरचा तो हात. खरं म्हणजे त्याला बरं वाटत होतं. सव्वीस वर्षांत या लोकांनी त्याला असं कधी जवळ घेतलं नव्हतं. त्या बरं वाटण्याची त्याला तिथल्या तिथं लाज वाटली, तरी तो खाली बसला आणि शेंगदाणे खाऊ लागला.

थोड्या वेळानं एवेलिओ पुन्हा बाकावर चढला. "तर आज सातव्याला तो गाढव कुणाला उतरवणार?" त्यानं विचारलं. आन्सेल्मोनं पुडीतले उरलेले शेंगदाणे तळहातावर ओतले.

दुपारी तो घरी आला तेव्हा वीज आली होती आणि सोराइदानं रेडिओ लावून ठेवला होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"पटलं नाही कुणाला. निवाल्दो रेडिओवर म्हणाला की त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. मला चांगला भाऊ म्हणाले."

सोराइदा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि तू म्हणून घेतलंस?"

त्यानं खुर्ची रेडिओजवळ ओढली आणि तो डोळे मिटून बसला. रेडिओवर खेळाडूंची नावं वाचत होते. प्रत्येक नावाला टाळ्या. मग समालोचक म्हणाला, "आणि मॅनेजर, निवाल्दो..." पुढचं ऐकू आलं नाही. शिट्ट्या, हुर्यो, डब्यांचे आवाज. आपल्याच मैदानात, आपल्याच लोकांची हजारो तोंडं. समालोचक थांबून राहिला. आवाज संपेना.

आन्सेल्मोनं रेडिओ बारीक करायला हात पुढे केला. सोराइदानं तो बाजूला सारला आणि आवाज होता तेवढा पूर्ण मोठा केला.

"ऐक," ती म्हणाली. "तुझी आहे ही हुर्यो."