गच्चीवरचा हिमालय

आमच्या घरी वर्षाचं तिखट उन्हाळ्यातच करून ठेवतात. यंदाही भिवापुरी मिरच्या आल्या आणि सासूबाईंनी गच्चीवर त्यांचे दोन ढीग घातले. एक जाऊबाईंचा, एक माझा. देठं खुडायची होती.

मी कॉलेजात भूगोल शिकवते, त्यामुळे गप्प बसणं मला जमत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंनी विचारलं, "दरसाल पावसानं एवढी माती वाहून जाते, तर हिमालय संपत काहून नाही वं?"

मग काय, मी सुरूच झाले. नद्या डोंगराला वरून झिजवतात, पण जमीन त्याला खालून रेटत राहते. वरचं ओझं उतरलं की तो उलट आणखी वर येतो. तासभर माझं तोंड चालू होतं, बोटांची आग होत होती आणि माझा ढीग काही तसूभरही कमी होत नव्हता. वैतागून मागे वळले, तर जाऊबाई रिकाम्या सुपाने आपल्या मिरच्या माझ्या ढिगात हळूच सरकवत होत्या.

सासूबाई ते पहिल्यापासून बघत होत्या. म्हणाल्या, "समजलं मले. हिमालयालेबी एखादी जाऊ असन."