रेडिओचं अपील

माझ्या धाकट्या भावाला सगळे रेडिओ म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्या तोंडात साखर पडो. भाऊ विकेटकीपर. बॅट्समनच्या पाठीमागे वाकून बसायचा आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. बोलरला शाबासकी, फिल्डरला दटावणी आणि बॅट्समनची चौकशी. घरी सगळे बरे ना, काल झोप झाली ना, बूट नवे वाटतं. तो बिचारा उत्तर काय द्यावं या विचारात पडला की दांडी गुल.

तो कीपर झाला तो माझ्यामुळे, हे मी कुणालाही ठणकावून सांगते. गल्लीत बॅटिंग मी करायची. बॉल मागे गेला की शेजाऱ्यांच्या जिन्याखालून काढून आणायचा मला भारी कंटाळा. म्हणून याला मागे उभा केला आणि बजावलं, बॉल सुटला तर जेवायला बसताना माझ्या शेजारी बसायचं नाही. एवढ्या धाकावर पोरगा राज्याच्या संघात पोचला! बारा-तेरा सीझन खेळला. एकदा देशाच्या संघाबरोबर दौऱ्यावरही गेला, पण राखीव कीपर म्हणून. आख्खा दौरा पाण्याच्या बाटल्या आणि कोरडे हातमोजे पोचवत होता, मॅच एकही मिळाली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. हा मात्र घरी आला तो हरखून, आणि आठवडाभर प्रत्येक बॉल उभा राहून करून दाखवत होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग गुडघ्यांनी संप केला. खेळ थांबला, खेळामुळे मिळालेली कंपनीतली नोकरी उरली. नोकरी म्हणजे आलेल्या टपालावर शिक्के मारायचे आणि ते ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचं. संध्याकाळी तो माझ्या शिवणाच्या दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा आणि माझ्या शिवणाचं समालोचन करायचा. शिलाई जरा ऑफ स्टंपच्या बाहेर चालली आहे, म्हणे. गिऱ्हाइकं हसायची. मी कात्री उगारायची. पण मला दिसत होतं ना. हा बोलत होता खरा, पण नजर कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. जिभेला काम होतं, बाकी सगळा माणूस रिकामा.

अशात एक दिवस मुलींच्या क्रिकेट क्लबचे सेक्रेटरी दुकानात आले. त्यांनी मुलींसाठी खेळायच्या पांढऱ्या पँटी ढीगभर आणल्या होत्या, त्या मुलांच्या मापाच्या. कमरेत ढगळ, मांडीत घट्ट. पोरी धावणार कशा? मी त्यांना भरपूर सुनावलं. तेही ऐकून घेता घेता म्हणाले की आमचा कोचसुद्धा सोडून गेला आहे. मी म्हटलं, पँटी ठेवून जा आणि हा माझा भाऊ घेऊन जा.

त्यांनी नेलं, पण अट घालून. एकच सीझन. संघ शेवटच्या चारांत आला तर पुढे चालू, नाही तर दुसरा एक कोच तयारच होता, लॅपटॉपवाला, आलेख काढून दाखवणारा. त्या संध्याकाळी भाऊ स्टुलावर नेहमीसारखा बसला, पण समालोचन नाही, काही नाही. मी मशीन थांबवली. तेव्हा म्हणाला, "ताई, हे गेलं तर मी फक्त शिक्के मारणारा माणूस उरतो." मी त्याला म्हटलं, ऊठ, उद्यापासून मैदानावर वेळेत जा, आणि पुन्हा मशीन सुरू केली.

सुरुवात आनंदीआनंदच होती. हा कीपर, सगळा खेळ त्याने पाठीमागून पाहिलेला. समोर उभा राहिला की त्याला बॅटिंग करणारी मुलगी उलटी दिसायची. डावं म्हणायचा तेव्हा उजवं हवं असायचं. त्यात रेडिओ अखंड चालू. मुलींच्या डोक्याचा भुगा. कप्तान मुलगी उंच, शांत, फटकळ नाही पण मनातलं तोंडावर सांगणारी. तिने सरळ सांगितलं की सर, तुम्ही बोलत असलात की आम्हाला बॉल दिसत नाही.

दुसरा कुणी असता तर रुसला असता. हा नेटच्या मागे गेला, आपल्या जागी, पाठ फिरवून खुर्चीवर बसला आणि डोळे मिटून नुसता ऐकू लागला. टक्. उशिरा आलीस. टॉक्. आता बरोबर मधोमध. खस्. काठाला लागला, पाय कुठे होता? मुली आधी फिदीफिदी हसल्या. मग त्यांनी त्याला फसवायला बॅटच्या काठावर मुद्दाम बॉल टेकवला, पॅडवर बॅट आपटली, नाना चाळे केले. हा पठ्ठ्या एकदाही फसला नाही. मग पोरींनी असा काही जीव लावला म्हणता! प्रत्येकीला सरांकडून आपला आवाज ऐकून घ्यायचा असायचा.

अपीलचा तासही व्हायचा. मुली अपील करायच्या त्या जणू रजेचा अर्ज देताहेत अशा. भावाला ते सहन होईना. बाद मागायचं असेल तर पोटातून मागा, म्हणाला, अंपायरला वाटलं पाहिजे की नाही दिलं तर आपलंच चुकलं. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि स्वतः दोन्ही हात फेकून अशी आरोळी ठोकली की मैदानाशेजारच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी बारा-पंधरा कंठ एकदम "हाऊझॅट" म्हणायचे. इमारतीतून तक्रार आली, सेक्रेटरींनी हात जोडले, तास चालूच राहिला.

संघ जिंकू लागला. पडत, धडपडत, पण जिंकू लागला. शेवटची साखळी मॅच उरली. जिंकली की शेवटच्या चारांत, हरली की लॅपटॉपवाला. मी दुकान बंद ठेवून मैदानावर गेले. सुई-दोरा घेऊन गेले होते, कारण या पोरी डाइव्ह मारतात आणि माझी शिलाई उसवतात.

आमची फिल्डिंग छान झाली. बॅटिंगला जाताना घोळ झाला. दोन अंपायरांपैकी एकाच्या पोटात कळ आली, तो घरी गेला. त्या स्पर्धेची रीत अशी, की अशा वेळी बॅटिंग करणाऱ्या संघाच्या माणसाने एका टोकाला उभं राहायचं. सेक्रेटरींनी भावाला पांढरा कोट चढवला. कोट त्याला पोटावर बसेना. मी म्हटलं, बटण लावू नकोस, आणि तोंड उघडू नकोस. तो मान डोलावून गेला.

कप्तान काय खेळली त्या दिवशी! दुसऱ्या बाजूने पोरी येत होत्या, जात होत्या, ती मात्र भिंतीत खिळा ठोकावा तशी उभी. समोरच भाऊ अंपायर. तोंड घट्ट मिटलेलं, पण प्रत्येक फटक्याला त्याचे खांदे हलायचे, हे मला पॅव्हेलियनमधून दिसायचं. हातातोंडाशी आलं होतं हो सगळं. थोड्याच धावा उरल्या होत्या. सेक्रेटरींनी तर शेवटच्या चारांच्या मॅचसाठी फोन करून बसही ठरवली.

तेवढ्यात एक बॉल तिच्या बॅटजवळून मागे गेला. त्यांच्या कीपर मुलीने तो पकडला आणि दुसऱ्या फिल्डरकडे टाकून दिला. बोलर वळून चालू लागली. कुणाला काही वाटलं नाही. आणि मैदानाच्या मध्यातून, पोटातून, इमारतीच्या गॅलऱ्या हलतील अशी आरोळी उठली.

"हाऊझॅट!"

दोन्ही हात वर फेकून माझा भाऊ उभा होता. कोट खांद्यावरून घसरलेला. आपल्याच कप्तानला बाद मागत होता, आणि मागत होता ते स्वतःकडेच.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग समोरच्या पोरींच्या डोक्यात प्रकाश पडला. फिल्डिंग करणाऱ्यांनी विचारल्याशिवाय अंपायरला बाद देता येत नाही, पण बोलर पुढच्या बॉलसाठी धावू लागेपर्यंत विचारायला मुभा असते. त्या सगळ्या हसत, उड्या मारत एका सुरात ओरडल्या. आता द्यायलाच हवं होतं उत्तर. आयुष्यभर हा ओरडत आला आणि ठरवलं दुसऱ्याने. त्या दिवशी ठरवायचंही त्याच्यावरच आलं. त्याने एक हात खाली घेतला. दुसऱ्या हाताचं बोट वर राहिलं. इतकी वर्षं बॉल झेलून ते मुळातच वाकडं झालेलं, वर केलं तरी पॅव्हेलियनचीच वाट दाखवत होतं. कप्तान त्याच्याकडे बघत राहिली, मग बॅट काखेत मारून चालू लागली.

उरलेल्या पोरी जिवावर उदार होऊन खेळल्या. शेवटची जोडी तर अशी पळत होती की मी शिलाई विसरून खुर्चीवर उभी राहिले. पण नाही जमलं. चार धावांनी हरलो.

सेक्रेटरी लालबुंद होऊन मैदानात शिरले, मी त्यांच्या मागोमाग. मनात भावाला शिव्या घालत होते, आणि खरं सांगते, शिव्या घालता घालता मला त्याचा असा अभिमान वाटत होता की डोळे भरून येत होते. आता करायचं काय अशा माणसाचं?

तो स्टंप उपटून गोळा करत होता. सेक्रेटरींनी आधी आवाज चढवला. आपल्याच मुलीचा बळी घेतला, समोरच्या कीपरलाही पत्ता नव्हता, कुणी विचारलं होतं का तुम्हाला? भाऊ म्हणाला, "पण मला खस् ऐकू आलं होतं ना." एवढंच. मग सेक्रेटरींनी अट काढली. शब्द म्हणजे शब्द, म्हणाले, मैदानाच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे द्या. भावाने कोट वर करून खिसा चाचपला आणि किल्ली काढून पुढे केली. त्याचा चेहरा मला बघवेना.

सेक्रेटरींनी हात पुढे केला तेवढ्यात कप्तान मध्ये आली. पॅड अजून पायांतच, डोळे सुजलेले. तिने सेक्रेटरींकडे बघितलंसुद्धा नाही.

"सर, तो बॉल सोडायचा होता का?"

भावाची मान वर झाली. किल्लीसकट हात तसाच वळला आणि त्याने तिची बॅट धरली. सोडायचा कशाला, म्हणाला, पाय पुढे असता तर चौका होता, ये इकडे, उभी राहा. गेला तिच्या मागे, आपल्या जागी, आणि बसला वाकून, गुडघे कुरकुरत असताना. दुसरी आली. तिला तिच्या विकेटचं विचारायचं होतं. मग तिसरी. जी शून्यावर बाद झाली होती ती तर रडत रडतच रांगेत उभी राहिली. बघता बघता सगळा संघ त्याच्याभोवती, आणि सेक्रेटरी बाहेर, हात पुढे केलेले. दोनदा खाकरले. कुणी वळून पाहिलं नाही.

शेवटी ते माझ्याकडे वळले आणि हे किती वेळ चालणार म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, तुम्ही बस रद्द करून या, तोवर दोघींचं झालं असेल.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. बराच वेळ ते बघत होते. भाऊ डोळे मिटून ऐकत होता, मुली एकेक करून हवेत बॅट फिरवून दाखवत होत्या, आणि किल्ली त्याच्या बोटात लटकत होती. मग सेक्रेटरी उठले आणि हळूच मला म्हणाले, "किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. रविवारी मुली लवकर येतात."