दुसरा वार

अकोल्याला जठारपेठेच्या मागच्या बाजूला आम्ही एका खोलीत राहत होतो, माय आणि मी. वडील मी आठवीत असताना गेले. माय जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. कापसातली किडकी कवडी आणि कचरा वेचायची. संध्याकाळी आली की तिच्या पापण्यांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे. छप्पन साली आमच्या घराण्याने दीक्षा घेतली तेव्हापासून तिने एक गोष्ट मनाशी धरली होती. पोरगी मॅट्रिक झाली पाहिजे. पण दर्यापूरचा मामा दर दोन महिन्यांनी यायचा आणि एखादं स्थळ सांगून जायचा. माय त्याला म्हणायची, "मॅट्रिक होऊ दे." आणि तो गेला की मला म्हणायची, "एक ध्यानात ठेव. काही बोभाटा झाला, तर मी त्याले नाई म्हनू शकनार नाई."

म्हणून मी घरमालकाच्या मुलाबद्दल तिला काही सांगितलं नाही.

तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल. शिकणं सोडलेलं, कामधंदा नाही. आधी तो फक्त शाळेच्या वाटेवर सायकल घेऊन उभा राहायचा. मग सायकल आडवी लावू लागला. एकदा त्याने माझी वेणी धरली आणि हसत हसत सोडली. ओरडावं तर बोभाटा, आणि वर खोली त्यांची. मी वाट बदलली. शाळा दहा मिनिटांवर होती, मी पाऊण तासाचा फेरा घालून यायला लागले.

आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची. तिचं स्वतःचं दोन खणांचं घर होतं, मागे कुंपणाची मोकळी बखळ आणि बखळीत सात-आठ बकऱ्या. सगळे तिला बुढीमाय म्हणत. तिचा नवरा एके काळी तालमीत वस्ताद होता, लाठी शिकवायचा, एवढंच मला ठाऊक होतं. एक दिवस मी उन्हातून घामाघूम परतले, तर ती दारात बसलेली.

"तू लांबून काहून येऊन राह्यली वं?"

मी म्हटलं, "असंच."

"उद्या पाहाटे बखळीत ये," ती म्हणाली. "मायले सांग, बकऱ्याचं काम हाय."

पहाटे गेले तर तिने माझ्या हातात एक काठी दिली आणि बखळीच्या फाटकात उभं केलं. फाटक सताड उघडं. "बकऱ्या भाईर जायले पायतीन. जाऊ द्याच्या नाई. पन एकीलेबी काठी लागली, तर तू उद्यापासून येऊ नोको."

पहिल्या दिवशी सगळ्या बकऱ्या माझ्या पायांमधून रस्त्यावर गेल्या. त्यांना गोळा करण्यात अर्धा तास गेला. म्हातारी हसली नाही, रागावलीही नाही. महिनाभर मी तेच केलं. हळूहळू कळायला लागलं की बकरी कोणत्या बाजूने घुसणार हे तिच्या खांद्यावरून दिसतं आणि ती निघायच्या आधीच काठी तिथे असावी लागते. पाय कसे ठेवायचे, वजन कोणत्या टाचेवर घ्यायचं, हे मला कोणी सांगितलं नाही. बकऱ्यांनी शिकवलं.

मग एके दिवशी बुढीमायने स्वतः लाठी घेतली. साठीच्या पुढची बाई, कंबरेत जराशी वाकलेली. पदर खोचून ती पवित्र्यात उभी राहिली आणि वाकलेपण कुठे गेलं ते कळलंच नाही. पहिल्याच वाराला माझी काठी हातातून उडाली, बोटं सुन्न झाली.

"डोये काठीवर नोको ठेवू. माह्या छातीवर ठेव. काठी खोटं बोलते, छाती नाई बोलत."

मी विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनी नाई. माह्या मानसाले घरी सरावाले जोडी लागे. तो मारे, मी झेलो. तीस वर्सं. तालमीत त्याच्या शागिर्दाले जे येत नोतं, थे मले येत होतं. पन तालमीत बाईमानूस जात नाई ना."

असं वर्ष गेलं. माझ्या मनगटांवर घट्टे पडले. मी ते बाहीखाली लपवायची. वाट मात्र अजून लांबचीच होती. बुढीमाय म्हणायची, "लांबून येनं म्हनजे भेनं नाई. टळते तवरक टाळावं."

मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. गणिताचा पेपर देऊन मी निघाले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. लांबच्या वाटेवरच्या पानठेल्याशी घरमालकाचा मुलगा उभा दिसला. त्याला हीसुद्धा वाट कळली होती. मी वळले आणि कापसाच्या यार्डात शिरले. पलीकडच्या फाटकातून घर जवळ होतं. हंगाम संपत आलेला, आठ-दहा बैलगाड्या सोडून ठेवलेल्या, गाडीवाले लांब टिनाच्या सावलीत आडवे झालेले. जिनाचं इंजिन चालू होतं. त्या आवाजात हाक मारली तरी कोणाला ऐकू गेली नसती, हे मला आत शिरल्यावर समजलं.

पलीकडचं फाटक बंद होतं. साखळी लावलेली. मागे वळले तर तो दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उभा होता.

त्याने माझ्या हातातली कंपासपेटी ओढली, उघडली. आत हॉल तिकीट घडी करून ठेवलेलं होतं. ते काढून घेतलं आणि पेटी फेकून दिली.

"हे माझ्याजवळ राहू दे," तो म्हणाला. "सांजच्याले गच्चीवर ये. मंग देतो."

"द्या ते. उद्या पेपर आहे माझा."

"म्हनून तं म्हनतो, ये."

गाडीच्या बाजूला उभारी असते, कापूस सांडू नये म्हणून खोचलेला लाकडी दांडा. माझा हात मागे होता, तो तिच्यावर पडला. मी ती उपसली. हातभर बाहेर आली, मग पूर्ण. तो हसला.

"ठेव खाली. खोली कोनाची हाय, ठाऊक हाय ना?"

मी पवित्र्यात उभी होते. डोळे त्याच्या छातीवर होते. त्याने तिकीट दोन्ही हातांत धरलं आणि माझ्याकडे बघत घडीवर फाडायला सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत फाडलं.

मी त्याच्या मनगटावर मारलं. कागद मातीत पडला. तो कळवळून वाकला, हात पोटाशी धरून अर्धवट पाठमोरा झाला. कागद माझ्या पायाशी होता. उचलून पळता आलं असतं.

मी पुन्हा मारलं. कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज इंजिनामुळे ऐकू आला नाही. तो दांड्यातून माझ्या तळहाताला कळला.

मी तिकीट उचललं आणि तडक बुढीमायकडे गेले. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वार?"

"दोन."

"पैल्या वारानं कागद सुटला?"

"हो."

"मंग दुसरा कायले?"

तिने कोपऱ्यातली माझी काठी उचलून आत नेऊन ठेवली.

माय कामावरून आली तोच घरमालक आला. मुलाचा हात झोळीत, चेहरा पांढराफटक. आजूबाजूची माणसं जमली. घरमालक मायवर ओरडला, "तुह्या पोरीनं माह्या पोराचा हात मोडला! पोलिसात देतो मी!"

माय माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं, असं मला वाटलं. तेवढ्यात बुढीमाय गर्दीतून पुढे आली.

"चाला, मीबी येतो पोलिसात. पोरीच्या परीक्षेचा कागद कोनी फाडला, काहून फाडला, थेबी लिवून घेऊ."

"म्हातारे, तू मधात पडू नको. हिले हे कोनी शिकवलं?"

"म्या."

घरमालकाने मुलाकडे पाहिलं. मुलगा खाली बघत होता. ते पाहून त्या माणसाला सगळं कळलं असावं, कारण पोलिसांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. "उद्या खोली रिकामी पायजे," एवढं बोलून तो मुलाला घेऊन गेला.

माणसं पांगली. मी मायच्या तोंडून मामाचं नाव यायची वाट बघत होते. माय भांडी उतरवायला लागली. एक पातेलं, दुसरं पातेलं. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं, "उद्या कोनता पेपर हाय?"

"भूगोल."

"मंग बस अभ्यासाले. सामान मी बांधतो."

उरलेले चार दिवस आम्ही बुढीमायकडे काढले. तिकीट मी पिठाच्या खळीने चिकटवलं होतं. भूगोलाच्या पेपरला पर्यवेक्षकांनी ते उजेडात धरलं. "हे कसं फाटलं?"

"ओढाताणीत, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठवतील. त्यांनी ते बाकावर ठेवलं आणि पुढे गेले. खिडकीतून शाळेचं फाटक दिसत होतं. फाटकाशी कडुनिंबाखाली बुढीमाय बसली होती, मांडीवर काठी आडवी. पेपर सुटेपर्यंत ती तिथेच होती. रोज जाताना-येताना ती माझ्यासोबत चालायची, पण माझ्याशी फारसं बोलायची नाही.

परीक्षा संपली आणि आम्ही अमरावतीला मावशीकडे निघालो. गाडी मूर्तिजापूर सोडून पुढे गेली तेव्हा माय म्हणाली, "मले ठाऊक होतं थ्या पोट्ट्याचं."

मी दचकले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तं खोली गेली असती. खोली गेली असती तं तुही शाळा गेली असती." ती खिडकीबाहेर बघत होती. "म्हनून बुढीमायच्या पाया पडली. म्हनलं, पोरीले काई शिकव."

एका खोलीत राहून आम्ही वर्षभर एकमेकींपासून तेच लपवलं होतं.

मी पास झाले. अमरावतीत मायला एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम लागलं. मी कॉलेजात गेले, पुढे मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवायला लागले. पण त्याआधी, निकालानंतर वर्षभराने, मी एकटीच अकोल्याला बुढीमायला भेटायला गेले. ती खाटेवर होती, दम लागत होता. घरमालकाच्या मुलाचा हात पूर्ण सरळ झाला नाही, असं तिनेच सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

मी धीर करून विचारलं, "बुढीमाय, दुसरा वार चुकला ना माझा?"

तिने खोकून घेतलं, पाणी मागितलं, दोन घोट प्यायली.

"थ्या दिवशी म्या तुही काठी आत नेऊन ठेवली. वाटलं, रागानं मारलं पोरीनं. मंग रातभर माह्या मनात येत राह्यलं. म्या तीस वर्सं नुसते वार झेलले. सराव म्हनून झेलले, अन् सराव नोता तवाबी झेलले. एकबी परत मारला नाई." तिने ग्लास माझ्या हातात दिला. "तवा तुहा मारलेला चुकला का माहा न मारलेला, मले सांगता येत नाई वं, पोरी."

मी तिचे पाय चेपत बसले. ती झोपली तेव्हा उठले आणि अमरावतीच्या गाडीसाठी स्टेशनकडे चालू लागले, शाळेवरून जाणाऱ्या त्या जवळच्या वाटेने, वाट बदलल्यापासून पहिल्यांदाच एकटी.