म्हाताऱ्याचा डावा डोळा

फ्लेक्सदादाचं नाव गावानं तीनदा बदललं, त्याला एकदाही न विचारता. मी लहान होतो तेव्हा तो मातीवाला होता. पोळ्याला तो मातीचे बैल करायचा आणि कुठला बैल कुणाचा ते बघताक्षणी कळायचं. मोडकं शिंग, वाकडी मान, सगळं तसंच. एकदा शेजारचे काका भांडायला आले होते, "आमचा बैल लंगडतोय हे साऱ्या गावाला कशाला दाखवायलास?"

मग तो रांगोळीवाला झाला. शाळेत एक नेते यायचे होते, म्हणून त्यानं दारातच त्यांचा चेहरा काढला. नेते आले, हात जोडत, वर बघत, स्वतःच्याच नाकावर पाय देऊन आत गेले. दादा म्हणाला, "बरं झालं बघितलं न्हाई. लय हुबेहूब झालतं."

पुढे देवगाव फाट्यावर त्यानं फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि तो फ्लेक्सदादा झाला. ते काम तो मोबाइलवर बघून शिकला. तिथं मात्र हुबेहूब काही चालेना. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तालुक्यातले सगळे भावी नेते गोरेपान आणि एकमेकांचे जुळे भाऊ दिसायचे. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, म्हणून माझाही फ्लेक्स लागला. गोरा रंग, डोळ्यांवर गॉगल, मागे कुठलीशी परदेशी इमारत. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पोरगं चांगलं हाय. कोणाचं?"

सगळे हसले, दादा हसला नाही. दुसऱ्याच दिवशी परभणीला जाऊन तो रंग आणि कॅनव्हास घेऊन आला.

चित्रं चांगली व्हायची, पण ती कुणाला हवी होती? शेवटी सरपंचांनी ग्रामपंचायतीच्या हॉलसाठी आपल्या वारलेल्या वडिलांचं चित्र काढायला सांगितलं. दादा मला म्हणाला, "हे तिथं लागलं तर म्या पेंटर. न्हाई तर हाय आपलं फाट्यावरचं दुकान."

चित्र घेऊन तो सरपंचांच्या घरी निघाला, तेव्हा दुसरं टोक धरायला मी होतो. बैठकीत भिंतीला टेकवून वरचं कापड काढलं. म्हातारा जसा होता तसाच होता. काळा, खांद्यावर टॉवेल, डावा डोळा अर्धा मिटलेला आणि उजव्यात कायमचा राग.

सरपंच म्हणाले, "ह्यो आमचा बाप न्हाई. जरा गोरा कर, हसरा कर. त्यो डोळा तरी उघड."

दादा म्हणाला, "जित्तेपणी कोणाला उघडता आला न्हाई, सरपंच. म्या कसा उघडू?"

"मंग ने वापस."

दादा चित्राला कापड गुंडाळायला वाकला. तेवढ्यात आतून वहिनी, म्हणजे सरपंचांची बायको, चहा घेऊन आल्या. त्यांची नजर भिंतीला टेकलेल्या सासऱ्यांकडे गेली आणि ट्रे एका हातात सावरत त्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "अगं बाई, मामा..." म्हणत दोन पावलं मागं सरल्या.

सरपंचांनी बायकोकडं बघितलं, चित्राकडं बघितलं आणि मांडीवरचा पाय हळूच खाली घेतला.

चित्र परत गेलं नाही. पण पंचायतीतही लगेच गेलं नाही, सरपंचांनी ते बैठकीतच लावलं. चार-सहा दिवसांत वहिनी म्हणाल्या, "मामांच्या म्होरं दिवसभर पदर सावरू का भाकऱ्या थापू? न्या ते पंचायतीत." तसं ते पंचायतीत लागलं. तिथं तंबाखू मळणारे आता त्या भिंतीकडं पाठ करून मळतात. ग्रामसेवक वेळेवर येतो असंही ऐकलं, पण ते मला खरं वाटत नाही.

दादानं दुकान बंद केलं. गाव त्याला आता पेंटर म्हणतं, पण स्वतःचं चित्र काढून घ्यायला कुणी येत नाही. आहोत तसे दिसू, ही भीती. म्हणून मागच्या सुट्टीत मीच बसलो त्याच्यासमोर. चित्र पूर्ण झालंय. आईनं बघितलं आणि लगेच ओळखलं म्हणे.

मी अजून बघायला गेलेलो नाही.