हमीदचाचांची बार्शी लाईन

गाडी चालू असताना हमीदचाचांशी बोलायचं नाही, असा त्यांच्या घरचा कायदा होता. गाडी संगणकाच्या पडद्यावरची असली तरी कायदा तोच. इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ ताठ ठेवून ते खुर्चीत बसायचे. चहा घेऊन आलेल्या चाची स्टेशन येईपर्यंत कप धरून उभ्या. सोलापुरात आम्ही त्यांचे शेजारी. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

चाचा मूळचे कुर्डुवाडीचे, रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर. निवृत्तीला काही वर्षं उरलेली असताना डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि त्यांना इंजिनवरून उतरवून ऑफिसात बसवलं. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. निवृत्तीनंतर नवी पेठेतल्या एका दुकानात त्यांना रेल्वे चालवायचा खेळ दिसला. दुकानदाराने आधी नक्कल केलेली स्वस्तातली डिस्क पुढे केली. चाचांनी ती परत सारली. "अस्सल द्या. घरात यायचं ते आपलं म्हनून यावं," म्हणाले.

त्या खेळात स्वतःचा मार्ग उभारता येत असे. चाचांनी उभारली ती कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी जुनी छोटी लाईन. तिच्यावर त्यांचे वडील फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकायचे. ते अरुंद रूळ आता राहिलेले नाहीत. वळणं, बाभळी, स्टेशनातला पाण्याचा हौद, सगळं आठवणीतून. एक पूल तर पुरा बांधून त्यांनी पाडला आणि पुन्हा बांधला, कारण त्याच्याआधीचा चढ वडिलांबरोबर अनुभवला होता तसा जमला नव्हता. यात वर्षं गेली. "बाबा असते तर हितं बसून नावं ठेवली असती," असं म्हणत खुशीत हसायचे.

एके सकाळी चाचींनी मला बोलावलं. खेळ उघडत नव्हता. सुरू होताना तो दर वेळी इंटरनेटवरून कंपनीला विचारायचा, की ही प्रत खरी ना? त्या दिवशी पडद्यावर उत्तर आलं होतं. मी ते मराठीत सांगितलं, तुमची प्रत वैध नाही.

"वैध न्हाय म्हंजे? चोरीची हाय म्हनत्यात व्हय?"

त्यांनी खोका काढला, बिल काढलं, दोन्हीचे फोटो काढून कंपनीला पाठवायला लावले. काही दिवसांनी उत्तर आलं. या खेळाची पडताळणी आम्ही कायमची बंद केली आहे; तुम्ही विकत घेतला होता तो खेळ नव्हे, वापरण्याची परवानगी, आणि ती केव्हाही थांबवण्याचा हक्क आमच्याकडे आहे. चाचांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाले, "दुकानात हे कुनी सांगितलं न्हवतं की."

मी दुकानात हे सांगितलं तेव्हा दुकानदाराने उपाय सुचवला. नकली डिस्कमधलं कुलूप आधीच तोडलेलं, त्यामुळे ती कुणाला विचारत नाही. ती लावली की संगणकात साठवलेली तुमची लाईन आहे तशी दिसेल. चाचींना ते पटलं. लावा की, कुणाला कळतंय, असं त्या म्हणाल्या.

"मला कळतंय की," चाचा म्हणाले.

कित्येक महिने संगणकावर कापड घातलेलं होतं. मग वडिलांच्या बरसीला घरात फातिहाची प्रार्थना झाली, त्या दुपारी चाचा कुणाला न सांगता नवी पेठेत गेले आणि ती डिस्क घेऊन आले. लावायला मला बोलावलं. लाईन उघडली. बाभळी, हौद, पूल, सगळं जागच्या जागी. चाचांनी गाडी बार्शीपर्यंत नेली, नीट थांबवली. चाचींचे डोळे भरून आले. मिळाली की तुमची गाडी, असं त्या म्हणाल्या.

चाचांनी हात मांडीवर ठेवले. "गाडी मिळाली. पन आदी त्यांनी मला चोर म्हटलं, आन् मग चोरी करायलाबी लावली."

त्यानंतर ते आणखी काही वर्षं जगले. नवा खेळ आणू या, असं मी एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, "आनू. पन आदी इचारून ये, बंद करायचा हक्क कुनाचा." मी दुकानात विचारलं. सगळेच आता असे येतात, हक्क कंपनीकडेच, एवढंच दुकानदार म्हणाला. मी ते चाचांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तो विषय माझ्याजवळ पुन्हा कधी काढला नाही.